पलीकडून हाक येईपर्यंत

दामोदर गेल्याची बातमी मला गोंदियात, भाताच्या गिरणीत कळली. मी इंजिनाजवळ तेलाचा डबा घेऊन बसलो होतो. गावचा कोतवाल सायकलवरून आला आणि दारातून हातवारे करू लागला, की इंजिन बंद करा, एक सांगायचं आहे. मी केलं नाही. चालतं इंजिन कोणी हातवारे केले म्हणून मी बंद करत नाही, आणि का करत नाही ते पुढे लिहिणारच आहे. शेवटी त्या माणसाला माझ्या कानाशी तोंड आणून ओरडून सांगावं लागलं, की दामोदर सकाळी गेला, कावीळ डोक्यात चढली होती. एवढी हळू सांगायची गोष्ट त्यानं ओरडून सांगितली, आणि गिरणीतल्या चार बायका सुपं थांबवून माझ्याकडे बघू लागल्या. मी तेलाची धार पुरती सोडली, डब्याचं झाकण लावलं, मालकाच्या माणसाला इंजिन कधी बंद करायचं ते सांगितलं आणि निघालो. आठच दिवसांपूर्वी मी दामोदरकडे जाऊन आलो होतो. डोळे हळदीसारखे झाले होते, तरी उठून बसला आणि मला विचारलं, वरच्या बांधीत पाणी किती आहे...

मी तिसरीपर्यंत शिकलो. अक्षर मोठं येतं आणि ओळ चढावाला लागते. हे लिहायला मला तीन आठवडे लागले. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी शुद्धलेखन सुधारावं, माझी ना नाही. पण मजकूर सुधारू नये.

दामोदर माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. त्याचं शेत माझ्या शेताला लागून, माझी बांधी वर आणि त्याची खाली. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात, चारी बाजूंनी मातीची पाळ घातलेली, आत पाणी साचवलेलं. तो मॅट्रिक झाला होता आणि आमच्या गावात तेव्हा तेवढा शिकलेला दुसरा नव्हता. लढाईच्या काळात गोऱ्या लोकांनी गावाबाहेर मुरूम टाकून विमानाची धावपट्टी बांधली, तिथे हा कारकून म्हणून लागला आणि बिनतारी यंत्राची टकटक शिकला. बोटानं एक लहानसं बटण दाबायचं, लांब-आखूड, लांब-आखूड, आणि शेकडो कोसांवरच्या माणसाला ते बोलणं कळायचं. लढाई संपली, गोरे गेले, देश आपला झाला. धावपट्टीवर गवत माजलं, गाई चरू लागल्या. पण पत्र्याची ती यंत्राची खोली सरकारनं ठेवली. विमानं उतरत नव्हती तरी वरून जात होती आणि त्यांच्याशी बोलायला कोणीतरी लागत होतं. त्या यंत्राला वीज पुरवायला डिझेलचं इंजिन होतं. गोंदियाच्या गिरण्यांमध्ये माझ्याइतका इंजिनाचा कान असलेला माणूस नव्हता, हे मी म्हणतो असं नाही, मालक लोक म्हणायचे. दामोदरनं साहेबाला माझं नाव सांगितलं आणि मला रोजंदारीवर घेतलं.

यंत्राची खोली इकडे, इंजिनाची शेड चाळीस पावलांवर तिकडे. सकाळी मी हँडल मारून इंजिन चालू करायचो. दुपारी बारा वाजता अर्धा तास त्याला विसावा. त्याचा नेम असा, की बंद करण्याआधी मी शेडमधून हाक द्यायची, दामोदरनं खिडकीतून हात बाहेर काढून "करा बंद" म्हणायचं, मगच मी हात घालायचा. कारण इंजिन बंद झालं की त्याला बोलता येत नसे. ऐकायचं यंत्र बॅटरीवर होतं, ते चालू राहायचं. म्हणजे कान उघडे आणि तोंड बंद.

एका वर्षी नागपूरहून साहेबानं एक मोठा नकाशा पाठवला. दामोदरनं तो भिंतीला ठोकला आणि मला बोलावलं. नकाशावर नद्या होत्या, डोंगर होते, आणि त्या सगळ्यांवरून, कशालाही न जुमानता, एक लाल रेघ सरळ गेली होती. ती आमच्या धावपट्टीच्या डोक्यावरून जात होती. दामोदर म्हणाला, आभाळाचे तुकडे पाडले आहेत. या रेघेच्या पश्चिमेचं आभाळ एका केंद्रानं सांभाळायचं, पूर्वेचं दुसऱ्यानं. मी हसलो. म्हणालो, सरकारनं जमिनीची मोजणी केली तेवढ्यानं भागलं नाही का, आता पटवाऱ्याला शिडी द्या म्हणावं. आभाळाला कोणी धुरा, शेताची हद्द, घालतं का?

"सीतारामभाऊ," तो म्हणाला, "तुमची बांधी वरती, माझी खालती. तुमी पानी सोडता तवा पयले काय करता?"

"हाक देतो."

"अन मी 'येऊ द्या' म्हणेपावतर?"

"फावडं धरून उभा राहतो. अजून काय करन?"

"बस. इथं बी तेच हाय."

मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं, आणि मला ते समजलं. विमान पश्चिमेकडून येताना रेघेजवळ आलं की मी अमुक उंचीवर आहे असं सांगतं. ते दामोदर पूर्वेच्या केंद्राला कळवतो. पूर्वेनं "घेतलं" असं उत्तर दिलं की मग ते विमान त्यांचं. तोपर्यंत ते पश्चिमेचंच. आणि मधल्या वेळात त्याची उंची बदलली तर तेही लगेच कळवायचं, कारण समोरून त्याच उंचीवर दुसरं येत असू शकतं. ढगात असली तर दोन्ही एकमेकांना दिसत नाहीत. वरच्या बांधीतलं पाणी खालच्यानं हो म्हटल्याशिवाय सोडलं तर रोप वाहून जातं. इथे माणसं जातील.

त्या दिवसापासून मी त्या कामाला मान देऊ लागलो. उत्तर येईपर्यंत तो चहाला तोंड लावत नसे, मी पाहिलं आहे. कप निवून जायचा. पेन्सिल कागदाच्या वर धरून बसायचा, आणि पलीकडून उत्तर आलं की खांदे खाली यायचे. मी चेष्टा करायचो, की बापा, बायकोनं सकाळी जेवायला हाक दिली तर तू दुपारी जातोस, आणि या टकटकीवर जीव टाकून बसतोस.

तीन-चार वर्षं अशी गेली. मग एका भादव्यात पाऊस दडला. धान पोटऱ्यावर आलेलं, बांध्या भेगाळू लागल्या. माझ्या वरच्या बांधीत गुडघाभर पाणी होतं, ते मी जपून ठेवलं होतं. एका सकाळी जाऊन पाहतो तर पाळ फोडलेली आणि माझं पाणी अर्धं दामोदरच्या बांधीत. त्याच्या गड्यानं फोडली होती. हाक नाही, विचारणं नाही. दामोदर ड्यूटीवर होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं येऊन माफी मागितली, गड्याला माझ्यासमोर झापलं. मी म्हणालो, गडी तुझा, शेत तुझं. आमच्या भागात माणूस धान चोरेल एक वेळ, पण हाक दिल्याशिवाय पाळ फोडत नाही. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. लोकांनी समजावलं, माझ्या पोरीनं समजावलं. मी ऐकलं नाही. माझा स्वभाव तसा आहे, तो मी इथे झाकत नाही.

कामावर मात्र दोघं रोज. बोलायचं नाही म्हणून मी हाक देणं बंद केलं. शेडमध्ये रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर पाना मारायचो, आणि तो खिडकीतून नुसता हात दाखवायचा. असं तीन आठवडे चाललं.

त्या दिवशी दडलेला पाऊस एकदम आला. सकाळपासून आभाळ खाली उतरलेलं, पत्र्यावर नुसता धडाका. बारा वाजले. मी रुळावर पाना मारला आणि इंजिन बंद केलं. खिडकीकडे पाहिलंच नाही... पाऊस होता म्हणून दिसलं नाही असं मी मनाला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. चाळीस पावलांवरचा हात पावसातही दिसतो. मी पाहिलं नाही, कारण त्याच्या हाताची वाट पाहणं मला जड जात होतं. बारा म्हणजे बारा, मी काय त्याचा चाकर आहे, असं मनात होतं.

दामोदर पावसात उघड्या डोक्यानं धावत आला.

"सीतारामभाऊ, इंजन लावा. इमान आहे वरती."

तीन आठवड्यांनी तो माझ्याशी बोलला होता. मी त्याच्याकडे पाठ करून फडक्याला हात पुसत राहिलो. तो परत म्हणाला, की ढगापायी विमानानं उंची सोडली आहे, खाली आलं आहे, समोरून दुसरं येत आहे, पूर्वेचं केंद्र मला विचारत आहे आणि मला उत्तर देता येत नाही. हे सगळं मी ऐकलं. मला ते कळलं. गावात ते कळेल असा मीच एकटा होतो, आणि मी हात पुसत राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. बिडी अर्धी होईल इतकाही नसेल. पण माणसाला आपला अहंकार कुरवाळायला किती वेळ लागतो...

तेव्हा त्यानंच हँडल धरलं. त्याला ते काम येत नव्हतं. हँडल धरताना अंगठा कुठे ठेवायचा हे ज्याला माहीत नाही त्यानं गरम इंजिनाला हात लावू नये. इंजिनानं उलटा झटका दिला आणि हँडल त्याच्या उजव्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो ओरडला नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग मी हँडल घेतलं, एका झटक्यात इंजिन लावलं, आणि तो मोडका हात छातीशी धरून पुन्हा पावसातून पळाला. मी मागे गेलो. त्यानं डाव्या हातानं टकटक केली. डाव्या हातानं ती नीट होत नाही, तो परत परत तेच पाठवत होता, आणि घाम की पाणी, काय ते नाकावरून कागदावर पडत होतं.

दोन्ही विमानं उतरली. माणसं सुखरूप घरी गेली, त्यांना काही कळलंही नसेल. पण त्यातल्या एका वैमानिकानं लिहून दिलं, की ढगाच्या फटीतून दुसरं विमान माझ्या पोटाखालून इतक्या जवळून गेलं की त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या. मग चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी दामोदर शेडमध्ये आला. हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. उकिडवा बसला आणि म्हणाला, "उद्या साहेब इचारन. तुमी सांगा का दामोदरनं बंद करायले सांगितलं, मनून केलं."

मी म्हणालो, "काऊन? तू त सांगितलं नोहतं."

"तुमी रोजंदारीवर हाव. तुमाले उभ्या उभ्या काढतीन, वरून पोलिसात देतीन. माझी नोकरी पक्की हाय. मले फार त बदली देतीन." हाताच्या कामट्या सारख्या करत म्हणाला, "अन त्या दिवशी पाळ माझ्याच गड्यानं फोडली होती."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. जीपमधून दोन साहेब आले, टेबलाशी बसले, मला उभं केलं. "इंजन किसके कहने पर बंद किया?" मी म्हणालो, "जैसा हुकुम था वैसा किया, साहब." पासष्ट-सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळ बोललो असेन, भांडलो असेन, पण एवढं एक वाक्य मला अजून तोंडात लागतं.

बदली झाली नाही. दोन महिन्यांनी कागद आला आणि त्याला काढून टाकलं. विमान वरती असताना विचार न करता इंजिन बंद करवलं, आणि ड्यूटीची जागा सोडली, असे दोन गुन्हे त्यात होते. जागा सोडली, कारण तो धावत माझ्याकडे आला होता. त्यानं कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. तो नव्या माणसाला यंत्र दाखवत होता तेव्हा मी दारात उभा होतो. त्याला एवढंच सांगत होता, की पलीकडून उत्तर आल्याशिवाय यंत्रावरून कान काढायचे नाहीत, काही होवो.

तेव्हाही वेळ होती. नागपूर लांब नाही, सकाळच्या गाडीनं जाऊन साहेबासमोर उभं राहता आलं असतं. मी आज जातो, उद्या जातो केलं. मळणी आली, रोवणी आली. खरं कारण एकच, इंजिनाचा मिस्त्री म्हणून गावात माझी मान वर होती आणि ती खाली घालणं मला होत नव्हतं. सहा महिन्यांनी मी ते काम सोडलं आणि गावात सांगितलं की सरकारी मजुरी परवडत नाही. तेही खोटंच. त्या शेडमध्ये मला उभं राहवत नव्हतं. तेव्हापासून गिरणीत आहे. आणि कोणी हातवारे करून इंजिन बंद कर म्हटलं तर मी करत नाही, तोंडानं सांगा म्हणतो, दोनदा विचारतो.

दामोदर शेती करू लागला. मनगट वाकडं जुळलं होतं, नांगर धरला की कळ यायची. टकटकीचं काम तर कुठेही मिळालं असतं, पण त्या हातानं ते आता होणार नव्हतं. माझ्याशी तो पहिल्यासारखा वागायचा, म्हणजे पहिल्यापेक्षा थोडा जास्तच नीट, आणि तेच मला सोसत नसे. पाणी हवं असलं की खालून हाक द्यायचा, मी वरून ओ देईपर्यंत उभा राहायचा. एकदा पाळीवर बसून मी सुरुवात केली, "दामोदर, ते इंजनाचं..." तो उठला, धोतराचा चिखल झटकला आणि म्हणाला, "सीतारामभाऊ, आज पानी राहू द्या. उद्या सोडा." त्यानं मला माफ केलं होतं की माझं ऐकून घ्यायचंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळायचा मार्गही नाही.

तेरवी झाल्यावर चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. गावनात्यानं मी त्याच्या बायकोचा, अनसूयेचा, भासरा, म्हणजे थोरला दीर. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर येत नाही, बोलत नाही. इतकी वर्षं मी त्या घरी चहा प्यायलो, पण तिचा चेहरा मला धड माहीत नव्हता, दाराआडचा आवाज तेवढा माहीत. मी ओसरीवर बसलो आणि दाराच्या चौकटीकडे तोंड करून सगळं सांगितलं. हात पुसत उभा राहिलो तेही सांगितलं. आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो बंद झाला.

मग ती बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. सरळ माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"वरून इमान गेलं का ते कोळशानं भितीवर लिवत," ती म्हणाली. "मी पोतणा घेऊन पुसो. अन म्हणो, इतकं ध्यान तवा ठेवलं असतं त घरी पगार आला असता. सात वर्षं म्हणली मी. हरेक इमानाले म्हणली. ते काही म्हणत नोहते."

मी खाली पाहत होतो.

"तुमी इथंच बसून चा पेत होते," ती म्हणाली. "मी आतून बोलो ते तुमाले आयकू येत होतं का नाही?"

"येत होतं," मी म्हणालो.

ती मग म्हणाली, "आता मी हे कोणाजवळ वापस घेऊ, सांगा."

 मग ती म्हणाली, मले सांगून काय होते, पेपरात लिवा, तुमचं नाव टाकून लिवा, गावानं वाचलं पायजे. लिहिल्यानं बोललेलं मागे घेता येत नाही हे तिलाही कळतं आणि मलाही. तरी लिहिलं.

उठताना मी ती भिंत पाहिली. तो आजारी पडल्यापासून त्याच्या ओळी तिनं पुसल्या नव्हत्या, सात-आठ असतील, डाव्या हाताच्या, वाकड्यातिकड्या. वेळ लिहिलेली, कुठून कुठे ते लिहिलेलं. आणि प्रत्येक ओळीच्या पुढे चार बोटं जागा कोरी सोडलेली. बाईला वाटलं असेल, भिंत मोठी आहे म्हणून सोडली. मला ती जागा ठाऊक होती. यंत्राच्या खोलीतल्या वहीत तिथे तो पलीकडचं उत्तर आलं की खूण करायचा. भिंतीशी बसून त्याला उत्तर कोण देणार होतं... तरी त्यानं एकाही ओळीपुढची जागा भरलेली नव्हती.